भरती ऑफिसबाहेर रायफल घेऊन पहारा? भावाला आधी हे वाचायला द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. तुमचा मावसभाऊ टेक्सासमध्ये आहे, ग्रीन कार्डवर, बंदुकीचा शौक आहे, दर शनिवारी रेंजवर जातो. तिथल्या चार-पाच मित्रांनी ठरवलंय की गावातल्या सैन्यभरतीच्या ऑफिसबाहेर आळीपाळीने रायफल घेऊन उभं राहायचं, २०१५ मध्ये लोक उभे राहिले होते तसं, आणि हा पण जायचं म्हणतोय. तुम्ही विचारताय की फुकट, चांगल्या हेतूने आणि कायद्यात बसून कुणी सैनिकांची राखण करत असेल तर त्यात वाईट काय, आणि तेव्हा सैन्याने आभार मानायचे सोडून नका येऊ असं का सांगितलं.

माझ्याबद्दल थोडं, कारण उत्तर त्यातूनच येणार आहे. मी पाच वर्षं फौजेत होतो, शॉर्ट सर्व्हिसवर, मग बायकोच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलो आणि २००८ पासून ओहायोत शॉपिंग प्लाझा आणि गोदामांच्या सिक्युरिटीचं काम करतोय. म्हणजे गार्ड नेमणं, त्यांच्या ड्यूट्या लावणं, रात्री अडीचला फोन उचलणं, ही सगळी हमाली. २०१५ च्या उन्हाळ्यात माझ्याकडच्या एका प्लाझात भरतीचं ऑफिस होतं, त्यामुळे हा प्रकार मी पेपरात वाचलेला नाहीये, फुटपाथवर उभं राहून बघितलाय.

आधी चॅटनूगाला नक्की काय झालं ते बघू, कारण बहुतेकांच्या डोक्यात ते अर्धवटच असतं. १६ जुलै २०१५, गुरुवार. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात ली हायवेवर दुकानांची एक रांग आहे, त्यातच भरतीचं ऑफिस. हल्लेखोर गाडी घेऊन समोर आला, गाडीतून उतरलासुद्धा नाही, बसल्या जागेवरून काचेवर गोळ्या झाडल्या आणि निघून गेला. आतले लोक मागच्या दाराने बाहेर पडले, एका मरीनच्या (मरीन म्हणजे अमेरिकेच्या नौदलाशी जोडलेलं लढाऊ सैन्य) पायाला गोळी लागली, पण तिथे कुणी मेलं नाही. तिथून तो साधारण सात मैलांवरच्या नौदल आणि मरीनच्या राखीव दलाच्या केंद्रावर गेला, गाडीने गेट तोडलं आणि आत घुसला. चार मरीन तिथेच मेले, पाचवा, एक नौसैनिक, दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारला. पोलिसांनी हल्लेखोराला तिथेच मारलं.

आता बघा, पाचही माणसं गेली ती दुसऱ्या ठिकाणी, जिथे गेट होतं, कुंपण होतं. आणि आठवड्याभरात लोक रायफली घेऊन उभे कुठे राहिले, तर पहिल्यासारख्या ठिकाणी, म्हणजे मॉलमधल्या भरती ऑफिसांबाहेर! मी त्यांची चेष्टा करत नाहीये, राखीव दलाच्या केंद्राबाहेर कुणी उभंच राहू देणार नाही आणि मॉलचा फुटपाथ सगळ्यांना मोकळा, म्हणून ते तिथे गेले. पण धोका कुठे होता आणि पहारा कुठे लागला ते लक्षात घ्या.

याच्या आधीचं एक प्रकरण आहे, १ जून २००९ चं, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचं. भरती ऑफिसबाहेर दोन तरुण सैनिक सिगारेट ओढत उभे होते, एक माणूस पिकअप ट्रकमधून आला, गाडीतूनच गोळ्या झाडल्या, एक मेला, दुसरा जखमी झाला. म्हणजे दोन्ही वेळा हल्ला गाडीतून, दोन्ही वेळा खेळ काही सेकंदांचा, आणि लिटल रॉकला गोळ्या लागल्या त्या दोघांचा दोष एवढाच की ते दाराबाहेर उभे होते. आता तुमच्या भावाला तिथेच उभा करा, गळ्यात रायफल. समोरून येणाऱ्या पन्नास गाड्यांपैकी नेमकी कुठली ते त्याला कळणार कधी? काच फुटल्यावर. आणि कळलं तरी तो उलटी गोळी झाडणार कुठे, तर भर दुपारच्या पार्किंग लॉटमध्ये, मागे चालता हायवे. रेंजवर गोळी अडवायला मातीचा बांध असतो हो. मॉलमध्ये गोळीच्या पलीकडे कुणाची तरी मिनीव्हॅन असते, मागच्या सीटवर मूल.

मग सैनिकांनी असंच मरायचं का, असं तुम्ही म्हणाल. रास्त राग आहे. भरती करणारे सैनिक तेव्हा निःशस्त्र असायचे, कारण १९९२ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं धोरण असं होतं की देशात ज्याची ड्यूटीच सुरक्षेची किंवा पोलिसीची आहे त्यालाच साधारणपणे हत्यार. त्यात ही ऑफिसं मुद्दाम बाजारात असतात, दर्शनी काच, आत मोठे फोटो, दार उघडं, म्हणजे अठरा वर्षांच्या पोराला आत शिरायला भीती वाटू नये. आपल्याकडे कोल्हापूरचं किंवा पुण्याचं भरती ऑफिस घ्या, सगळा कारभार फौजी, गेटवर संत्री. इथे शेजारी नेल सलून आणि सँडविचचं दुकान. लोकांना संताप आला तो याचाच, आणि त्यात चूक काही नव्हतं. माझा आक्षेप संतापावर मुळीच नाही, त्या संतापाने जे रूप घेतलं त्यावर आहे.

माझ्या प्लाझात आला तो माणूस साठीचा होता. घडीची खुर्ची, थंड पाण्याचा कूलर, एआर-१५ रायफल, डोक्यावर त्याच्या जुन्या युनिटची टोपी. मला "सर" म्हणाला. माणूस शंभर नंबरी, हे मी आजही सांगेन. तो सकाळी नऊला बसला आणि दहाच्या आत मला भाडेकरूंचे सहा फोन आले, शिवाय पोलिसांना ९११ वर, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरवर, किती गेले देव जाणे. नेल सलूनमधली बाई रडत होती, कारण तो बसला होता खुर्चीत, रायफल मांडीवर आडवी, आणि नळीचं तोंड बरोबर तिच्या काचेकडे. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं, आणि ते तसं असणं बरोबरही होतं, पण रायफलची नळी कुठे बघतेय ते सतत बघायला दुसरा माणूस नव्हता.

मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि तीन-चार प्रश्न विचारले, भांडायला नाही, माझ्या गार्डला पहिल्या दिवशी विचारतो तेच. बदली कोण, कधी येणार? म्हणाला, बघू, एकजण येतो म्हणालाय. आतल्या सार्जंटला काही हवं असेल तर तो तुम्हाला कसं कळवणार? म्हणाला, ते माझ्याशी बोलत नाहीत. पोलिसांच्या कुणाला माहितीये का तुम्ही इथे आहात? नाही. मग शेवटचा, लघवीला जायचं झालं की रायफल कुठे ठेवणार? यावर तो गप्पच बसला. कारण पर्याय दोनच, रायफल घेऊन सँडविचच्या दुकानातल्या बाथरूममध्ये जा, नाहीतर गाडीत ठेवून जा, आणि पार्किंगमधल्या गाड्या फोडून बंदुका चोरीला जातात हे आमच्या धंद्यात पोराटोरांना माहीत असतं.

हे प्रश्न फालतू वाटतात ना? पण पहारा म्हणजे हेच असतं. आमच्याकडे प्रत्येक ठिकाणासाठी लेखी सूचना असतात, त्याला पोस्ट ऑर्डर्स म्हणतात. कुठे उभं राहायचं, कुणाला अडवायचं, कुणाला नाही, रेडिओवर कुणाला बोलायचं, हत्यार कधी काढायचं, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या हुकमाने. फौजेत तर विचारूच नका. गार्ड बदलताना राउंड मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, रजिस्टरला सही, "जाँच शस्त्र" झाल्याशिवाय हत्यार हलायचं नाही. मी स्वतः बावीस वर्षांचा असताना एका हवालदाराने मला, म्हणजे त्याच्या साहेबाला, सगळ्यांसमोर थांबवून हत्याराचं चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ते पुन्हा दाखवायला लावलं होतं, कारण मी घाईत होतो. तेव्हा कान लाल झाले होते. आज वाटतं तो हवालदार फुटपाथवरच्या प्रत्येक खुर्चीमागे उभा पाहिजे होता.

त्याच आठवड्यात, २३ जुलैला, माझ्यापासून फार लांब नाही अशा लँकेस्टर गावात, कोलंबसच्या आग्नेयेला, तेच झालं ज्याची मला धास्ती होती. रिव्हर व्हॅली मॉलमध्ये भरती ऑफिसबाहेर एक तरुण एआर-१५ घेऊन पहारा देत होता. कुणीतरी म्हणालं, बघू जरा तुझी रायफल. हा दाखवायच्या आधी गोळ्या काढून ती रिकामी करायला गेला आणि गोळी सुटली, जमिनीत गेली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पोलिसांनी गावाच्या हद्दीत गोळीबार केल्याचा गुन्हा लावला. नीट बघा, तो बेफिकिरीने वागत नव्हता, उलट सुरक्षितच करायला गेला होता. रायफल जेवढ्या वेळा भरली जाते, रिकामी केली जाते, कुणाला दाखवली जाते, तेवढ्या वेळा चूक व्हायची संधी. दिवसभर उन्हात बसलेला, कंटाळलेला, येणारा-जाणारा कौतुकाने थांबून बोलतोय, कुणी पाण्याच्या बाटल्या आणून देतोय, अशा माणसाच्या हातून ती चूक कधीतरी होणारच. आणि हे फक्त सिव्हिलियनचं नाही हं, त्याच दिवसांत जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला नौदलाच्याच एका भरती करणाऱ्याने ऑफिसात स्वतःचं पिस्तूल दाखवताना स्वतःच्याच मांडीत गोळी घातली. वर्दी असली म्हणून हात थरथरत नाही असं थोडंच आहे.

आता सैन्य काय म्हणालं. भूदलाच्या भरती विभागाने आपल्या लोकांना सूचना दिली की बाहेरच्या सशस्त्र लोकांशी संबंध ठेवू नका, विचारलंच तर सभ्यपणे बोलणं आवरतं घ्या, स्थानिक पोलिसांना कळवा, आणि त्यांना हेही सांगा की या माणसाजवळ हत्यार असू शकतं. मरीननेही उभे राहू नका असं सांगितलं, आणि लँकेस्टरच्या दुसऱ्याच दिवशी पेंटॅगॉनने, म्हणजे संरक्षण खात्यानेच, जाहीर विनंती केली की भरती ऑफिसांबाहेर पहारा देऊ नका, आमच्या कामावर परिणाम होतो आणि नको ते धोके तयार होतात. लोकांना हे फार लागलं. कृतघ्न म्हणाले, अजून काय काय म्हणाले.

पण आत बसलेल्या सार्जंटच्या जागी बसून बघा. काचेबाहेर रायफलवाला माणूस आहे. तो राखणदार आहे हे त्याला कसं कळणार? टोपीवरून? टोपी कुठल्याही दुकानात वीस डॉलरला मिळते. पुढचा हल्लेखोर खुर्ची आणि झेंडा घेऊन आला तर तो वेगळा कसा ओळखायचा? आपल्याकडे संत्री रात्री "थम, कौन आता है" असं ओरडतो ना, ते काय उगाच नाही. आपला कोण आणि परका कोण हे ठरवणं हेच पहाऱ्याचं पहिलं काम. बाहेर पाच अनोळखी आपले उभे राहिले की ते कामच संपलं, कारण आता रायफल दिसणं हा इशारा राहिला नाही. आणि गोळीबार सुरू झालाच तर पोलीस येणार, त्यांना फोनवर वर्णन मिळालंय "रायफलवाला माणूस, भरती ऑफिससमोर", आणि तिथे तुमचा भाऊ रायफल घेऊन उभा. त्या दोन सेकंदांत तो आपला आहे हे पोलिसाला कोण सांगणार?

अजून एक. तेव्हा उभे राहिलेल्यांत एकटे-दुकटे माजी सैनिक होते तसे संघटनांचे लोकही होते. ओथ कीपर्स नावाच्या संघटनेने तर मोहीमच काढली होती, रक्षकांचं रक्षण करू अशा घोषणेची. त्याच संघटनेच्या संस्थापकाला ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्याबद्दल राजद्रोहाच्या कटात २०२२ मध्ये दोषी ठरवलं, २०२३ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली, पुढे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा कमी करून त्याला सोडलं. म्हणून फुटपाथवर बसलेला प्रत्येकजण तसा होता असं मी म्हणत नाही, माझा टोपीवाला म्हातारा तर अजिबात नाही. पण २०१५ मध्ये सैन्याने त्यांना आपलं म्हटलं असतं तर कुणाकुणाला आपलं म्हटलं असतं, एवढाच मुद्दा.

आणि काहीच केलं नाही असंही नाही. टेक्सास, फ्लोरिडा, इंडियाना, लुइझियाना, ओक्लाहोमा, आर्कान्सा अशा राज्यांच्या गव्हर्नरांनी काही दिवसांतच नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, लोकांना शस्त्र बाळगायला परवानगी दिली, फ्लोरिडाने तर गार्डची भरती ऑफिसं दुकानांमधून काढून आपल्या शस्त्रागारांच्या इमारतींत हलवायला लावली. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षण खात्याने धोरण बदललं, त्यात कमांडरला वाटलं तर तो आपल्या माणसाला खासगी हत्यार बाळगायची परवानगी देऊ शकतो, अटी घालून. तुम्हाला ते कमी वाटेल, जास्त वाटेल, पण तिथे कुणाच्या हातात हत्यार आहे ते लिहिलेलं असतं आणि चूक झाली तर कुणाला धरायचं ते ठरलेलं असतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. कायदा राज्यागणिक वेगळा. टेक्सासमध्ये रायफल उघड बाळगायला पूर्वीपासूनच वेगळा परवाना लागत नाही, हँडगनचं १ सप्टेंबर २०२१ पासून बरंच मोकळं झालंय. म्हणून तुमचा भाऊ "लीगल आहे" म्हणतो ते वरवर बरोबर आहे. पण मॉलचा फुटपाथ आणि पार्किंग ही बहुतेक वेळा खासगी जागा असते. भरती ऑफिस तिथे भाडेकरू, त्या जागांचे भाडेकरार सैन्याचं इंजिनीअर दल बघतं, आणि मालकाने किंवा माझ्यासारख्या त्याच्या माणसाने "निघा" म्हटलं की निघायचं, नाहीतर अतिक्रमणाचा गुन्हा. माझ्या म्हाताऱ्याला मालकाच्या सांगण्यावरून दुपारी मीच उठवलं. त्याने कूलरमधली एक पाण्याची बाटली मला दिली आणि गेला. मला फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुसरं, आणि हे आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, कारण या ग्रुपमध्ये कुणी सांगत नाही. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक बाळगता येते. एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) किंवा स्टुडंट व्हिसावाल्याला केंद्रीय कायद्याने साधारणपणे बाळगता येत नाही, शिकारीचं लायसन वगैरे थोडे अपवाद सोडून, म्हणून भावाचा कुणी एच-१बीवाला मित्र "मी पण येतो, तुझी एक रायफल दे" म्हणाला तर दोघंही खड्ड्यात. आणि भाऊ स्वतः ग्रीन कार्डवर आहे म्हणजे तो अजून नागरिक नाही. बंदुकीसंबंधीच्या बऱ्याच गुन्ह्यांत दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. लँकेस्टरच्या तरुणासारखं काही झालं तर एखादा गोरा दंड भरून घरी जाईल, तुमच्या भावाला मात्र आधी इमिग्रेशनचा वकील शोधावा लागेल. त्यात, हे कडू आहे पण लिहितो, सावळा रंग, दाढी आणि रायफल घेऊन भरती ऑफिससमोर उभा असलेला माणूस बघून ९११ वर जाणारा फोन कसा असेल याची कल्पना त्याला असायला हवी.

विम्याचं तर बोलायलाच नको. माझा गार्ड चुकला तर कंपनीचा विमा आहे, वकील आहे. वॉलंटियर चुकला तर त्याचं घर आहे, विकायला.

थोडक्यात परत, कारण लांबलं. हल्ले गाडीतून झाले आणि दारात उभा असलेला माणूस ते थांबवण्यापेक्षा त्यात सापडण्याची शक्यता जास्त. त्याचा ना हुकूम देणारा, ना बदली, ना लेखी सूचना, त्यामुळे चूक व्हायची संधी वाढते आणि खरा हल्लेखोर ओळखणं अवघड होतं. ज्यांच्यासाठी उभं राहायचं त्यांनीच नको म्हटलंय.

भावाला खरंच काही करायचंय तर ऑफिसातल्या प्रमुखाला रीतसर भेटू दे, हात मोकळे ठेवून, आणि विचारू दे काय हवंय. माझ्या प्लाझातल्या सार्जंटला काय हवं होतं सांगू? मागच्या दाराबाहेर दुकानवाले रिकामे खोके आणि कचऱ्याचे डबे रचून ठेवायचे, ते हलवून हवे होते, म्हणजे पळायची वाट मोकळी. चॅटनूगाला लोक वाचले ते मागच्या दारानेच. तीन आठवडे तो मालकाच्या ऑफिसला मेल करत होता. ते काम मी केलं, दोन माणसं आणि एक हातगाडी घेऊन, एका तासात. बाकी गस्तीची गाडी दिवसातून दोनदा फिरवा म्हणून पोलिसांच्या साध्या नंबरवर विनंती करता येते, ९११ वर नाही.

टेक्सासमधलं नक्की कुठलं गाव आणि ऑफिस मॉलमध्ये आहे की स्वतंत्र इमारतीत ते कळवा, मालकी कुणाची यावर पुढचं बरंचसं ठरतं.